माळ्याच्या दाराची गाठ

टॅबिथाचा बाप्तिस्मा आटोपून मंडळी चर्चबाहेर आली, तेव्हा फाटकापाशी नोरा डेसी उभी होती. डोक्यावरून काळी शाल, कडेवर पोर. तिने हात पुढे केला नाही. डॉर्कसने छातीशी धरलेल्या बाळाकडे ती नुसती बघत राहिली.

डॉर्कसचे पाय जागीच थबकले.

“चल पुढे,” सासू केझाया तिच्या कोपराला धरून म्हणाली. “धुक्यात पोरीला गारठा लागेल.”

“ही त्या डेसीची बायको ना?” मागून बार्नबसमामांनी विचारलं. ते केझायाचे थोरले भाऊ. त्यांना स्वतःला ऐकू कमी यायचं, त्यामुळे सगळं जगच बहिरं आहे असं धरून ते बोलत. “मंगळवारी टांगतायत ना त्याला?”

“मामा, हळू!” डॉर्कसची नणंद फीबी कळवळून म्हणाली.

“हळूच बोलतोय की!”

रूबेनने मान वर केली नाही. नोराच्या अंगावरून तो असा गेला, जणू तिथे फाटकाचा खांबच होता. त्याच्या मानेवरची शीर तेवढी तटतटलेली डॉर्कसला दिसली. ती त्याची बायको होती. तिला दिसायचंच.

सॉल्टर्सबीच्या धक्क्यामागे रडॉकांचा दोरखंडांचा कारखाना होता आणि त्याच्याच अंगाला घर. घरी जायचं तर कारखान्याच्या फरसबंद अंगणातून जावं लागे. हिवाळ्याच्या तोंडावर त्याच फरशीवर मुकादम ईनॉक गार्थ डोकं फुटून मरून पडलेला सापडला होता. वर तागाच्या माळ्याचं दार, जिथून तागाच्या गासड्या खाली सोडत. गार्थने डेसीला आदल्याच दिवशी कामावरून काढलं होतं. डेसीने गुत्त्यात बसून, दहाजणांच्या देखत, त्याचा जीव घेण्याची भाषा केली होती. माळ्यावर त्याची टोपी सापडली. ज्यूरीला फार डोकं खाजवावं लागलं नाही. आणि डेसीला पकडून आणणारा जिल्हा पोलिसांतला इन्स्पेक्टर म्हणजे याच घरातला धाकटा मुलगा, सायलस. त्याचं कौतुक वर्तमानपत्रात छापून आलं, तेव्हा केझायाने ते वाचून घडी करून ठेवलं आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. डॉर्कसला वाटलं होतं, अभिमानाने.

डेसीने काहीही केलेलं नव्हतं. हे डॉर्कसला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी रूबेन मागल्या दाराने आला होता. शर्टाच्या बाहीवर डांबर आणि रक्त. “मी गार्थला ढकललं, डॉर्कस,” तो म्हणाला होता. “तसं मनात नव्हतं गं. त्याने आपल्या फीबीला माळ्यावर गाठून... आणि वर हसला. मला म्हणतो, तुझ्या बहिणीने तक्रार केली होय? तो हसला आणि माझे हात पुढे झाले.” डॉर्कसने काही न विचारता शर्ट काढून घेतला, उकळत्या पाण्यात घातला आणि बोटं सोलवटेपर्यंत घासला. तेव्हा टॅबिथा पोटात होती. मग ती वाट बघत बसली. डेसीला सोडतील, पुरावा कुठे आहे? सोडलं नाही. ज्यूरी सोडेल. सोडलं नाही. लंडनहून मंत्री शिक्षा तरी कमी करतील. तिकडून नकार आला. प्रत्येक वेळी तिची भीती एक पायरी वर चढत होती.

घरी जेवणाचं टेबल मांडलेलं होतं. उकडलेलं हॅम, लोणच्यातले कांदे, शहाजिऱ्याचा केक. एक खुर्ची रिकामी होती. बाळाचा धर्मपिता म्हणून सायलसने उभं राहायचं ठरलं होतं. तो चर्चमध्ये आलाच नाही, म्हणून ऐनवेळी मामांना उभं केलं.

“मला काय, सुटाबुटात आलोच होतो,” मामा हॅमचा जाड तुकडा कापत म्हणाले. “पण पाद्रीबुवा काय पुटपुटत होते कळेना. मी आपला दर वेळी ‘होय’ म्हणत गेलो. पोरीच्या वतीने सैतानाला सोडलं की धरलं, देव जाणे.”

फीबी हसली. घरात अलीकडे हसणारी ती एकटीच उरली होती, आणि तीही फारशी नाही. एकोणीस वर्षांची पोर, पण त्या दिवसापासून खोलीत कुणी मागून आलं की दचकायची.

“नोराला बघून पोटात तुटलं,” ती म्हणाली. “मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते.”

“कुणासाठी?” रूबेनने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“डेसीसाठी.”

“खुन्यासाठी?” मामा ओरडले.

“हो. त्याच्यासाठी.” फीबीची नजर ताटातून वर आली नाही. केझायाने मुलीकडे डोळे वटारून पाहिलं.

तेवढ्यात अंगणात घोडागाडी थांबल्याचा आवाज आला. डॉर्कसच्या हातातली किटली ताटलीवर आपटली.

सायलस आत आला. दाढी केलेली नव्हती, डोळे तांबारलेले. ओला डगला त्याने काढला नाही. पाळण्याकडे त्याने एकदा बघितलं आणि लगेच नजर वळवली, जणू तिकडे बघायचा हक्क आपल्याला नाही.

“अरे वा, आलात साहेब!” मामा म्हणाले. “तुमची पुतणी तुमच्यावाचूनच ख्रिस्ती झाली!”

“चुकलं, मामा,” सायलस त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला. “माझं एक काम करता? घोडा दामटत आणलाय, घाम सुटलाय त्याला. जरा फिरवून आणा. तुमच्याइतकं घोड्यातलं कुणाला कळत नाही.”

मामा खुशीत उठले, केकचा तुकडा खिशात टाकला आणि गेले. सायलसने दार लावून घेतलं. कडीचा आवाज डॉर्कसच्या पाठीच्या कण्यातून गेला. आता विचारेल. आता माझ्याकडे बघेल. माझ्या चेहऱ्यावर सगळं उमटलेलं असेल.

तिला टेबलाखाली कुणाचा तरी हात लागला. सासूचा होता. लग्न होऊन आल्यापासून केझायाने तिला मायेने कधी स्पर्श केला नव्हता. आज तिने डॉर्कसची बोटं घट्ट आवळून धरली. त्या पकडीतून डॉर्कसला एकदम कळलं: हिलाही माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. दोघी एकाच चुलीपुढे उभ्या राहून एकमेकींपासून हेच लपवत होत्या.

“फीबी, तू वर जा,” केझाया म्हणाली.

“राहू दे तिला,” सायलस म्हणाला.

“मी सांगतेय ना—”

“आई, राहू दे.”

डगल्याच्या खिशातून त्याने डांबर लावलेल्या दोराचा तुकडा काढला आणि हॅमच्या ताटाशेजारी ठेवला. दोन्ही टोकांना कापलेला, मधोमध गाठ.

“त्या दिवशी गार्थ पडल्यावर कुणीतरी माळ्याचं दार आतून बांधून घेतलं होतं. शिपायाने दोर कापून दार उघडलं आणि तुकडा पुराव्याच्या पेटीत टाकला. माझं सगळं लक्ष त्या टोपीत होतं. गाठ बघायचं मला सुचलंच नाही. परवा प्रकरण बंद करायचं म्हणून पेटी आवरत होतो.” त्याने गाठ बोटाने उलटी केली. “दादा, ही कुठली गाठ आहे?”

रूबेनने नजर खिडकीकडे वळवली, तसं सायलसनेच सांगितलं.

“बाबांची. डावीकडून वळसा घेऊन उलटी ओवलेली. अख्ख्या धक्क्यावर दुसरा कुणी बांधत नाही. मला सहा महिने जमत नव्हती, तू हात धरून शिकवलीस. आठवतं? डेसी इथे एक हंगाम होता. त्याला ही येणं शक्य नाही.”

“बाबा जाऊन चार वर्षं झाली,” रूबेन कसाबसा म्हणाला.

“हो. म्हणजे राहिले दोघे. एक मी. मी त्या दिवशी नदीपलीकडे कोर्टात होतो.”

फीबी एकदा या भावाकडे, एकदा त्या भावाकडे बघत होती.

“तुला काय म्हणायचंय?” तिने विचारलं. “सायलस, काय म्हणतोयस तू?”

“मी विचारतोय. अजून म्हणत नाही.” त्याचा आवाज चिरकला. “पोलीस म्हणून आलो असतो तर दोन शिपाई बरोबर असते. भाऊ म्हणून आलोय. मंगळवारी सकाळी एका माणसाला मी फासावर चढवतोय, दादा. मला सांग की हा माझा संशय चुकीचा आहे. काहीही सांग, पण माझ्याकडे बघून सांग.”

“तिघे,” केझाया म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“दोघे नव्हे, तिघे. तुझ्या बापाने ती गाठ आधी मला शिकवली होती. तुम्ही जन्मायच्या आधी मी याच कारखान्यात दोर वळायला होते, विसरलास?” तिने दोराचा तुकडा ओढून घेतला. सुजलेल्या सांध्यांच्या त्या बोटांनी जुनी गाठ सोडवली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नवी बांधून त्याच्यापुढे टाकली. डावीकडून वळसा, उलटी ओवलेली. “घे. मीच ढकललं गार्थला.”

“आई!” रूबेन म्हणाला.

“तू गप्प बैस. मोठी माणसं बोलतायत.”

सायलस गाठीकडे बघत राहिला. “तुला चर्चच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत. माळ्याला उभी शिडी आहे.”

“रागात माणूस काहीही चढतो.”

“ज्यूरी विचारेल.”

“ज्यूरीला काय माझा गुडघा दाखवू? म्हातारी बाई शपथेवर सांगते, मी मारलं, कसं मारलं, कुठे उभी होते. गाठ त्यांच्यासमोर बांधून दाखवते. डेसी सुटतो, तुझं मन मोकळं होतं. आणखी काय पाहिजे तुला?”

“खरं काय ते पाहिजे.”

“खरं!” केझाया पुढे वाकली. “खरं हे आहे की रूबेनच्या घरात पाळणा हलतोय. मी बासष्ट वर्षांची आहे. म्हाताऱ्या बाईला कदाचित फाशी देणारही नाहीत. दिली तर दिली. दोघांचा जीव वाचतो आणि जाते ती मी. हा हिशेब तुला येत नाही? इतका शिकलास, इन्स्पेक्टर झालास!”

डॉर्कसने सायलसचा चेहरा पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला. तो नाही म्हणत नव्हता. तो विचार करत होता. आणि तिच्या स्वतःच्या आतूनही कुणीतरी ओरडत होतं: हो म्हण. घेऊन जा तिला. माझा नवरा राहू दे, माझ्या पोरीचा बाप राहू दे. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला सुटकेची वाट दिसली होती.

“डॉर्कस,” केझाया उठत म्हणाली, “माझी टोपी आण. काळी.”

डॉर्कसने टोपी आणली. सासूच्या डोक्यावर ठेवली आणि हनुवटीखाली फीत बांधायला लागली. केझायाचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. बाहेरून खंबीर दिसणारी ती बाई आतून झाडाच्या पानासारखी थरथरत होती. तिला मरायचं नव्हतं. भीतीने तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते, पण नजर मात्र रूबेनवर होती. डॉर्कसनेही वळून पाहिलं.

रूबेन बसलेलाच होता. दोन्ही हात टेबलावर, बोटं पसरलेली. आईला टोपी घालताना तो बघत होता आणि उठत नव्हता.

मग डॉर्कसला निराळीच भीती वाटली. इतके दिवस ती त्याला नेतील म्हणून भीत होती. आता तिला दिसलं, की ते त्याला इथेच ठेवून जातील. हा माणूस रोज तिच्या समोर बसून जेवेल. डेसीला जाऊ दिलं, आईला जाऊ दिलं, पुढे आणखी कुणाला जाऊ देईल. आणि त्याच्यासाठी फीत बांधणारे हात तिचे असतील.

तिने फीत सोडली.

“मी त्याचा शर्ट धुतला,” ती म्हणाली.

“डॉर्कस!” केझायाने तिचं मनगट पकडलं.

“डांबर होतं आणि रक्त होतं. त्याने मला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. आई माळ्यावर नव्हत्या, सायलस. त्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर होत्या. आम्ही बटाटे सोलत होतो.”

सायलसने डोळे मिटून घेतले. “वहिनी, बायकोची साक्ष नवऱ्याविरुद्ध चालत नाही. तू हे कोर्टात सांगू शकत नाहीस.”

“मी कोर्टाला सांगत नाहीये,” डॉर्कस म्हणाली. तिने खुर्चीची पाठ धरली. “यालाच सांगतेय. रूबेन, तुझी आई तुझ्याऐवजी निघालीय. तू बसलायस. ऊठ ना रे. माझ्यासाठी तरी ऊठ.”

“घरात घेतलं हिला,” केझाया दातओठ खात म्हणाली, “आणि ही माझ्या पोराच्या गळ्यात—”

“बास, आई.” रूबेन उठला होता. उठताना खुर्ची मागे पडली. चेहरा पांढराफटक होता, पण आवाज आश्चर्य वाटावं इतका साधा. “मी होतो, सायलस. मला त्याला मारायचं नव्हतं. पण डेसीला पकडल्यावर मी गप्प बसलो, ते मात्र जाणूनबुजून. रोज ठरवायचो, आज सांगेन.”

“का भांडण झालं?”

रूबेनने आईकडे पाहिलं. केझायाने जोरात मान हलवली.

“कशावरून झालं, दादा? मला लागेल ते. ठरवून केलेला खून निराळा आणि संतापाच्या भरात हातून घडलेलं निराळं. कायदा फरक करतो. पण कारण सांगावं लागेल.”

“कामावरून,” रूबेन म्हणाला. “कामावरूनच झालं.”

“कामावरून माणूस माणसाला खाली ढकलत नाही.”

“मी म्हणतो तेच लिहून घे!”

“माझ्यावरून,” फीबी म्हणाली.

इतका वेळ तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट बांधून.

“माझ्यावरून ना?” तिने रूबेनला विचारलं. “मी फक्त आईला सांगितलं होतं. आई, तू म्हणालीस, कुणाला कळू देऊ नकोस, मी बघते. तू दादाला सांगितलंस?”

केझाया मटकन खाली बसली. टोपीची एक फीत तशीच लोंबत होती. “दुसऱ्या कुणाला सांगणार होते? मीच पाठवलं त्याला. त्याला चांगला दम दे म्हटलं. जीव घे म्हटलं नव्हतं. आता कळलं, मी म्हणते मी मारलं, ते अगदीच खोटं का नाही?”

“आणि मला वाटत होतं डेसीने मारलं,” फीबी म्हणाली. “मी त्याचे उपकार मानत होते. रोज रात्री देवाला सांगायचे, त्याने माझी सुटका केली, त्याला क्षमा कर. आणि त्याने काही केलंच नव्हतं! तुम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि मी त्याच्यासाठी... मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.”

“तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून,” रूबेन म्हणाला.

“माझ्या नावासाठी त्याला फाशी?”

पाळण्यात टॅबिथा कुरकुरली. डॉर्कसने तिला उचलून घेतलं, कारण दुसरं काही करायला तिला सुचेना.

बाहेर मामा घोड्याशी गप्पा मारत परत आल्याचं ऐकू येत होतं. सायलसने डोळे पुसले. “मॅजिस्ट्रेटसाहेब संध्याकाळच्या प्रार्थनेला निघायच्या आत त्यांना गाठलं पाहिजे. लंडनला तार त्यांच्याच सहीने जाईल. दादा, कोट घाल.”

रूबेनने कोट घातला. तो डॉर्कसजवळ आला, बाळाच्या कपाळाला ओठ टेकवले. डॉर्कसकडे बघताना त्याच्या डोळ्यांत तिला दिसली ती भीतीच; अंधाऱ्या खोलीत ढकललेल्या पोराची असते तशी. रागाचा मागमूस नव्हता.

“वाचेल का रे हा?” तिने सायलसला विचारलं.

“खोटं सांगू?”

“नको.”

“मग माहीत नाही. निरपराध माणसाला तुरुंगात सडू दिलं, हे त्याच्या विरुद्ध जाईल. गार्थने काय केलं ते कोर्टापुढे आलं नाही, तर मला आशा दिसत नाही.”

ते दोघे अंगणात गेले. काय चाललंय ते मामांना कळेना. ते लगाम सायलसच्या हाती देऊन, टोपी काढून नुसते उभे राहिले. धुकं इतकं दाट होतं की कारखान्याचा माळा दिसत नव्हता. रूबेन गाडीत चढून बसला.

फीबी डॉर्कसच्या शेजारून बाहेर पडली, तेव्हा तिच्या अंगावर जाड शाल होती आणि पायात बूट.

“कुठे निघालीस?” केझाया दारापर्यंत धडपडत आली. “फीबी! आत ये. तिथे दहा पुरुष बसलेले असतात. काय काय विचारतील तुला ठाऊक आहे? कुठे हात लावला, तू ओरडलीस का, नाही तर का नाही ओरडलीस. आणि उद्या सगळ्या सॉल्टर्सबीच्या तोंडी होईल ते. कोण तुझ्याशी लग्न करील?”

“ठाऊक नाही,” फीबी म्हणाली. ती इतकी कापत होती की पायरीवर तिचा तोल गेला. डॉर्कसने मोकळ्या हाताने तिला सावरलं.

“तुला जायलाच पाहिजे असं नाही गं,” डॉर्कस म्हणाली. आणि ते खरं होतं; आज कुणाकडून काही मागायचं धैर्य तिच्यात उरलं नव्हतं.

“मला भीती वाटते, वहिनी.”

“मलाही वाटते.”

“पण तो हसला होता. मी रडत होते आणि तो हसत होता. हे दादा सांगू शकणार नाही. तो तेव्हा तिथे नव्हता. मी होते.”

सायलसने हात पुढे केला. तो धरून फीबी गाडीच्या पायरीवर चढली आणि तिथेच क्षणभर थांबली. मागे केझाया तिचं नाव घेऊन हाका मारत होती. रूबेनने बहिणीकडे पाहिलं. बाकावर सरकून त्याने तिला जागा करून दिली.